जुन्या गाडीला मऊ सस्पेन्शन बसवायचंय, नक्की काय काय बदलू?

जुनीचबरी

मंडळी, सल्ला हवाय. घरात एक जुनी सेडान आहे, इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, विकायची अजिबात इच्छा नाही, पण आत बसणाऱ्याचे हाल होतात. बारीक खड्डा, रस्त्याचं ठिगळ, पुलावरचे सांधे, सगळं थेट कंबरेत जातं. आणि गंमत म्हणजे मोठ्या उंचवट्यावर नेमकं उलटं, तिथे गाडी वर गेली की दोन-तीन हेलकावे खाऊन मगच शांत होते. म्हणजे एकाच वेळी कडक पण आणि ढिली पण, हे कसं काय तेच कळेना. मागे आईवडील बसतात, वडिलांना मणक्याचा त्रास, त्यामुळे ते हल्ली गाडीत बसायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात. आधीच्या मालकानं १७ इंची अलॉय टाकलेत, टायर २२५/४५, आणि चाक नि फेंडरमधली फट बघता स्प्रिंगपण बदलले असावेत असा संशय आहे. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप नवे टाका, हेवी ड्यूटी घ्या म्हणजे परत बघायला नको. नेटवर बघायला गेलो तर बिलस्टीन, कोनी, केवायबी, सॅक्स, मन्रो, आणि प्रत्येकाचे परत चार प्रकार, डोकं गरगरलं. मला वळणावर शर्यत लावायची नाहीये, मऊ चालली पाहिजे बस. कुठला ब्रँड घेऊ?

खड्डेपारखी

ब्रँड नंतर. आधी टायर बघा. २२५/४५ आर १७ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची २२५ च्या ४५ टक्के, साधारण १०१ मिमी. त्याच गाडीला १५ इंची रिमवर १९५/६५ चा टायर असेल तर ती उंची १२७ मिमीच्या आसपास भरते. बाहेरचा व्यास दोन्हीचा जवळपास सारखाच, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक पडत नाही, पण हवेची उशी इंचभर जास्त जाड मिळते. बारीक खड्डा, खडी, सांधे हे धक्के शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरनं गिळायचे असतात, आणि तुमचा टायर गिळायला तयारच नाही. शिवाय मोठं अलॉय बहुतेक वेळा जडही असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक खड्ड्याच्या मागे पटकन जात नाही आणि हिसका वर बॉडीत येतो.

टायरचं वय पण बघा. बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी रबर वाळून कडक झालेलं असतं. आणि हवा किती भरता? पंपावरचा माणूस अंदाजानं भरतो त्यावर विश्वास ठेवू नका, दाराच्या खांबावर स्टिकर असतं त्यातला आकडा थंड टायरला.

स्पोर्टमोड

टायर वगैरे ठीक आहे पण मुळात जुने शॉकअप मेलेले असणार, त्याला चांगलं सोल्युशन म्हणजे अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला, उंची बदलता येणारा किट. उंची हवी तेवढी, कडकपणा हवा तेवढा, ३२ क्लिक मिळतात, सगळ्यात मऊ क्लिकवर ठेवायचं की झालं काम. एकदाच पैसे जातात.

पानाआवळ

स्पोर्टमोड, आदर राखून असहमत. त्या क्लिक फिरवून शॉकअपची आवर फक्त कमीजास्त होते, स्प्रिंग मऊ होत नाही. कॉइलओव्हर किटसोबतच्या स्प्रिंग बहुतेक आखूड आणि कडक असतात, त्यामुळे सगळ्यात मऊ क्लिकवर तुम्हाला मिळते एक कडक स्प्रिंग जिला आवरायला कोणी नाही. ती गाडी मग नुसती उड्या मारते.

आता धागाकर्त्यांना. हेवी ड्यूटी शब्द ऐकला की एक हात खिशावर आणि दुसरा कंबरेवर ठेवा. हेवी ड्यूटी म्हणजे जास्त टिकाऊ असं लोकांना वाटतं, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ वाल्व जास्त कडक बसवलेत एवढाच असतो. जी गाडी कायम ओझं वाहते किंवा मागे ट्रेलर ओढते तिला ते योग्य. तुमच्या वडिलांच्या मणक्याला नाही.

कडक आणि ढिली एकत्र कशी, याचं उत्तर सोपं आहे. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. शॉकअप स्प्रिंगची हालचाल आवरतो, पिस्टनमधल्या बारीक वाल्वमधून तेल ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. तेल गळलं, वाल्व झिजले की बॉडीची सावकाश होणारी मोठी हालचाल आवरली जात नाही, म्हणून हेलकावे. ही झाली ढिली बाजू. कडकपणा वेगळ्याच ठिकाणाहून येतो. वाळलेली रबरं, बुटक्या भिंतीचे टायर, आणि तुमच्या बाबतीत माझा मुख्य संशय म्हणजे खाली केलेली गाडी. स्प्रिंग आखूड असेल तर चाकाला वर जायला जागाच कमी, त्यात शॉकअप मेलेला, म्हणजे जरा मोठा खड्डा आला की गाडी सरळ बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या शेवटच्या फोमच्या ठोकळ्यावर, आपटते. तो धक्का म्हणजे सस्पेन्शनचा धक्का नाहीच, सस्पेन्शन संपल्यावरचा धक्का आहे.

एक काम करा. प्रत्येक चाकाच्या बरोबर मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं उंची मोजा, चारही. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवेमुळे फसगत होते. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी किंवा तशाच न छेडलेल्या गाडीशी ताडून बघा. आणि चाक काढून शॉकअपच्या दांड्यावरचं धूळ अडवणारं बूट (आवरण) वर सरकवून आत काय दिसतं ते सांगा.

उतारुतात्या

वाचतोय. माझा अनुभव असा की बोनेट दाबून सोडायची, एकदाच वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला. पंधरा सेकंदात निकाल.

पानाआवळ

तात्या, त्या टेस्टमध्ये नापास झाला तर शॉकअप नक्की गेला, पण पास झाला म्हणजे चांगला असं नाही. हातानं बोनेट दाबतो तेव्हा दांडा किती सावकाश हलतो बघा. खड्ड्यात तोच दांडा सेकंदाला मीटरभर वेगानं सुद्धा जातो, तिथलं काही हातानं कळत नाही. त्यात जुन्या बुशचं (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचं) घर्षणच इतकं असतं की शॉकअप काढून टाकला तरी काही गाड्या फार झुलणार नाहीत.

गळतीचंही तसंच. दांड्यापाशी नुसता तेलाचा ओलसर थर, त्यावर धूळ, हे चालतं, सीलला तेवढं तेल लागतंच. तेल ओघळून खालच्या भागापर्यंत आलं असेल तर मग गेला.

जुनीचबरी

केलं सगळं सांगितल्याप्रमाणे. पुढची उंची मूळ आकड्यापेक्षा ३५ मिमी कमी, मागची ३०. स्प्रिंग लाल रंगाचे, वेगळ्याच कंपनीचे, म्हणजे आधीच्या मालकानं कारभार केलेलाच आहे. बूट वर सरकवायला गेलो तर ते हातातच फाटलं. आत बंप स्टॉप म्हणून जे काही होतं ते बोटानं चिमटलं तर पिवळसर भुगा होऊन पडलं, एका बाजूला तर नुसती वॉशर शिल्लक. टायर जुनेच निघाले, भिंतीवर बारीक चिरा. मागच्या डाव्या शॉकअपचं तेल पार खालपर्यंत.

खड्डेपारखी

मग काय, वॉशरवर आपटतेय गाडी. वडिलांचं तोंड वाकडं होणारच.

पानाआवळ

तो भुगा बघून लोक म्हणतात जाऊ दे, एक फोमचा तुकडा तर आहे. पण तो फोम साधा नाही, बारीक पेशींचं पॉलियुरेथेन असतं आणि पुष्कळ गाड्यांत ते मुद्दाम दुसरी स्प्रिंग म्हणून धरलेलं असतं. चाक वर जात राहिलं की ते हळूहळू दाबलं जातं आणि शेवटचा धक्का गोल करतं. तो नसेल तर जगातला कुठलाही महागडा शॉकअप बसवा, खड्ड्यात धाडकन आवाज येणारच, आणि नवा शॉकअप आतून आपटून लवकर मरेल ते वेगळंच. त्यामुळे शॉकअपबरोबर बंप स्टॉप आणि बूट नवे, यात चर्चा नाही. आणि लांबी मूळ मापाचीच. खाली केलेल्या गाड्यांना लोक ते कापून बसवतात, तसे आखूड चुकून घेऊ नका.

गणिती

थोडं आकड्यांत बोलू का, कंटाळा आला तर पुढे जा.

स्प्रिंगवर बसलेली बॉडी तिच्या स्वतःच्या लयीत वरखाली होते. आरामदायी गाडीत ती लय सेकंदाला १ ते १.५ वेळा इतकी, म्हणजे १ ते १.५ हर्ट्झ. माणसाला चालताना वरखाली व्हायची सवय जवळपास त्याच्याच आसपासची, थोडी जास्त, म्हणून शरीर फार तक्रार करत नाही. २ हर्ट्झच्या वर गेलं की गाडी स्पोर्टी वाटायला लागते. ही लय गाडीच्या वजनानं स्प्रिंग किती दबते यावर ठरते. चाकापाशी २५ सेंमी दबत असेल तर १ हर्ट्झ, ११ सेंमी दबत असेल तर १.५ हर्ट्झ, ६ सेंमीच दबत असेल तर २ हर्ट्झ. म्हणजे मऊपणाला जागा लागते, दुसरा उपायच नाही. गाडी ३५ मिमी खाली घेतली की वर जायची जागा तेवढी गेली, मग कंपनीला स्प्रिंग कडक करावीच लागते, नाहीतर रोज आपटेल. खाली केलेली पण मऊ स्प्रिंग, असं कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

अजून एक. मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवतात. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला जरा उशिरा, मग मागचं जलद हलून पुढच्याला गाठतं आणि गाडी नाक-शेपूट असं डोलायच्या ऐवजी सपाट वरखाली होते. मॉरिस ऑली या इंजिनीयरनं १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये असताना हे नीट मांडलं. त्यामुळे पुढे एका कंपनीची स्प्रिंग, मागे दुसऱ्या, पुढे कडक शॉकअप, मागे जुनाच, अशी खिचडी केली की नेमकं मागच्या सीटवरच्यांना मळमळतं.

जुनीचबरी

गणिती, आईला मळमळतं हे मी लिहिलंही नव्हतं. बरोबर पकडलंत.

म्हणजे स्प्रिंग मूळच्या घ्यायच्या हे नक्की. पण जुन्या गाड्यांच्या स्प्रिंग बसून मऊ होतात ना? मग कुठल्यातरी जुन्या गाडीच्याच काढून टाकल्या तर अजून मऊ नाही का होणार?

गणिती

नाही होत. स्प्रिंग बसते म्हणजे तिची मोकळी लांबी कमी होते, कडकपणा तेवढाच राहतो. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यावर, आणि वय झालं म्हणून यातलं काहीच बदलत नाही. जाडीचा परिणाम चौथ्या घातानं होतो, १२ मिमीची तार १२.५ केली की कडकपणा १७-१८ टक्के वाढतो, डोळ्याला फरक दिसणारही नाही. म्हणून नुसतं बघून स्प्रिंग सारखी आहे म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बसलेली जुनी स्प्रिंग म्हणजे परत तीच जागेची चणचण, शिवाय खालचं वेटोळं गंजून तुटायची भीती.

स्पोर्टमोड

ओके, कॉइलओव्हर मागे घेतो 😄 पण शॉकअप तरी मोनोट्यूब (एका नळीचा) घ्या. ट्विन ट्यूब (नळीत नळी) जुनी टेक्नॉलॉजी आहे. मोनोट्यूबमध्ये तेल आणि गॅस वेगळे राहतात, फेस होत नाही, गरम होऊन ढिला पडत नाही. उगीच नाही मर्सिडीजनं १९५० च्या दशकातच बिलस्टीनकडून घ्यायला सुरुवात केली.

पानाआवळ

फेसाचं आणि उष्णतेचं खरं आहे. लांब खराब रस्त्यावर सलग पळवायची असेल तर मोनोट्यूब उजवा. पण आपला प्रश्न मऊपणाचा आहे. मोनोट्यूबमध्ये गॅसचा दाब २५ बारच्या आसपास असतो, तेवढा दाब रोखायला सील घट्ट लागतं, आणि घट्ट सील म्हणजे दांडा हलायला सुरुवात होतानाच थोडी अडवणूक. गुळगुळीत रस्त्यावरची बारीक थरथर त्यामुळे आत येऊ शकते. दुसरं म्हणजे तो दाब दांड्याला कायम बाहेर ढकलत असतो. ११ मिमीचा दांडा धरला तर जवळपास २४ किलोचा जोर प्रत्येक शॉकअपला, त्यानं गाडी किंचित वर उठते. ट्विन ट्यूबमध्ये गॅसचा दाब बराच कमी, दांडा सहज हलतो. बहुतेक साध्या कुटुंबाच्या गाड्या कारखान्यातून ट्विन ट्यूबवरच येतात आणि मऊही चालतात.

तरीपण एक नळी की दोन यापेक्षा आतले वाल्व कसे लावलेत ते महत्त्वाचं. चांगला लावलेला मोनोट्यूब वाईट लावलेल्या ट्विन ट्यूबपेक्षा केव्हाही आरामदायी.

आता नावांचा गोंधळ. बिलस्टीनमध्ये बी४ हा मूळच्या जागी घालायचा, बी६ त्याच उंचीला पण कडक, बी८ खाली केलेल्या गाड्यांसाठी आखूड. आकडा मोठा म्हणून बी८ उचलून आणणारे लोक आहेत. केवायबीत एक्सेल-जी हा ट्विन ट्यूब, मूळच्या जवळचा, आणि गॅस-अ-जस्ट मोनोट्यूब, जास्त कडक. कोनीत पिवळा स्पोर्ट विसरा. त्यांच्यात एक प्रकार आहे जो आधी एफएसडी नावानं यायचा, आता स्पेशल अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, त्यात जलद बारीक थरथर आली की तेलाला जास्तीची वाट मिळते आणि सावकाश हालचालीला ती मिळत नाही. तुमच्या वर्णनाला तोच जवळचा, फक्त तुमच्या मॉडेलला मिळतो का ते बघावं लागेल. सॅक्स आणि केवायबी अनेक गाडी कंपन्यांना मूळ माल पुरवतात, तिथे पार्ट नंबर जुळला तर डोळे झाकून घ्या. बाकी ब्रँडवरून भांडायला वेगळा धागा काढा, इथे नको.

गोलावाली

मध्येच नाक खुपसते. माझ्याकडे जुनी हायड्रोन्यूमॅटिक सिट्रोएन आहे, तिला स्प्रिंगच नाहीत, प्रत्येक चाकाला एक गोळा, त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसरीकडे तेल. १९५५ च्या डीएस पासूनची ही पद्धत. लोकांना वाटतं ही गाडी जन्मभर गादीसारखी चालते, पण पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो आणि मग तीच गाडी बैलगाडी होते. गोळे भरून घेतले की परत जादू. मला सांगायचं एवढंच की कुठलीही पद्धत असो, राइड एका दिवसात बिघडत नाही, त्यामुळे मालकाला सवय होते आणि कळतच नाही. सहा महिन्यांनी बसणारा पाहुणा बरोबर सांगतो.

तुमच्या मागच्या शॉकअपवर निव्होमॅट असं काही लिहिलंय का ते मात्र तपासा. तो स्वतःच उंची सांभाळणारा प्रकार आहे आणि गाडीचं थोडं वजन तोच उचलतो. तिथे साधा शॉकअप घातला तर मागून गाडी बसते, स्प्रिंगही वेगळ्या लागतात.

जुनीचबरी

नाही, साधेच आहेत.

एक नवी भानगड. १५ इंची चाकं घ्यायची ठरवली होती पण दारावरच्या स्टिकरवर सगळ्यात लहान माप २०५/५५ आर १६ आहे. १५ चा उल्लेखच नाही. कॅटलॉगमध्ये चॅसी नंबर टाकला तर गाडी मुळातच स्पोर्ट व्हेरियंट निघाली, म्हणजे कारखान्यातूनच पुढचे ब्रेक मोठे आणि स्प्रिंग-शॉकअप कडक. आता मूळचं घालून काय उपयोग, मूळच कडक आहे!

पानाआवळ

अरे वा, हे बरं झालं कळलं. १५ चं रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला पकडणाऱ्या भागाला) घासेल, म्हणून स्टिकरवर नाही. तो विषय सोडा, १६ घ्या.

आणि मूळ म्हणजे तुमच्या व्हेरियंटचं मूळ असं कोणी सांगितलं? त्याच मॉडेलचा साधा, कम्फर्ट व्हेरियंट असेल त्याचे पार्ट नंबर काढा. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तीच बॉडी असलेली गाडी निवडायची, कारण डिझेलचं इंजिन जड म्हणून त्याची पुढची स्प्रिंग वेगळी असते, ऑटोमॅटिकची वेगळी, इस्टेट (लांब डिकीवाल्या) बॉडीची मागची वेगळी. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही त्याच गाडीचे, जोडीनं. मऊ स्प्रिंगवर स्पोर्टचा शॉकअप घातला तर बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर परत खडखड. कंपनीच्या इंजिनीयरांनी महिनोन्‌महिने बसून ती जोडी जुळवलेली असते, ती तशीच उचलायची, याच्याइतका स्वस्त सल्ला दुसरा नाही. मिळाली तर स्टॅबिलायझर बारची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्याची) जाडीपण ताडून बघा. बार जाड असला की एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकाला पण खेचतो आणि डोकं डावीउजवीकडे हलतं. मागे बसणाऱ्याला ते फार त्रासदायक. साधा बार तुमच्या ब्रॅकेटला बसत असेल तर त्याच्या मापाच्या बुशसकट बदला, नसेल तर राहू दे.

उतारुतात्या

आणि बुश पॉलीचे (पॉलियुरेथेनचे) टाका, एकदाचे टाकले की जन्माची चिंता मिटली.

पानाआवळ

तात्या आज माझी परीक्षा बघताय. पॉलियुरेथेन टिकतं पण कडक असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ग्रीस सुकलं की कुईकुई करतं. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशचं काम चाकाला खड्ड्यात किंचित मागे सरकू देण्याचं असतं, त्या सरकण्यातच धक्क्याची धार जाते. काही गाड्यांत तर तो बुश आतून तेल भरलेला असतो, फुटला की काळा चिकट डाग दिसतो. तिथे पॉली घातली म्हणजे आराम स्वतःच्या हातानं काढून टाकला. मूळ रबर, मूळ कडकपणाचं. जुन्या गाडीत अर्धा कडकपणा या रबरांतच अडकलेला असतो आणि लोक शॉकअपचे ब्रँड बदलत बसतात.

वरचं स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारी बैठक) पण त्याच वेळी बदला, बेअरिंगसकट. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग टंग करत असेल तर ते बेअरिंग अडकलंय. खाली स्प्रिंगच्या टोकाला रबरी पॅड असतं ते, आणि लिंकरॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी). उघडलंच आहे तर परत उघडायला नको.

खड्डेपारखी

+१. टायर घेताना एक्सएल लिहिलेला उगीच घेऊ नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) स्टिकरप्रमाणे असला म्हणजे झालं, एक्सएलची बांधणी जास्त वजनासाठी असते आणि तो सहसा थोडा कडक चालतो.

जुनीचबरी

यादी झाली. कम्फर्ट व्हेरियंटच्या चार स्प्रिंग, चार शॉकअप, स्ट्रट माउंट, बंप स्टॉप, बूट, स्प्रिंग पॅड, लोअर आर्मचे बुश, लिंकरॉड, १६ ची चाकं. एकदम खर्च झेपणार नाही, दोन टप्प्यांत करावं लागेल. आधी काय? आणि गॅरेजमध्ये काम होताना कशावर लक्ष ठेवू?

पानाआवळ

पहिल्या टप्प्यात चाकं-टायर आणि मागचे शॉकअप, बंप स्टॉपसकट. मागचा डावा मेलेलाच आहे, मागे मणक्यावाले बसतात, आणि बहुतेक सेडानला मागचे शॉकअप बदलणं पुढच्यापेक्षा सोपं असतं. एका बाजूचाच बदलू नका, दोन्ही. स्प्रिंग मात्र चारही एकाच वेळी, दुसऱ्या टप्प्यात. मागे मूळ उंची आणि पुढे खाली असं महिनाभर चालवलं तर हेडलाइट रस्त्यात घुसतात आणि ब्रेकवर गाडी विचित्र वागते. दुसरा टप्पा लांबला तर मधल्या काळात पुढे निदान बंप स्टॉप घालून घ्या, आता आहे तसं चालवू नका.

काम चालू असताना तीन गोष्टी बघा, बाकी त्यांच्यावर सोडा. दांडा फिरू नये म्हणून कोणी प्लायरनं धरला तर तिथेच थांबवा, क्रोमवर ओरखडा पडला की तो सील फाडतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळतो. वरचा नट इम्पॅक्ट गननं न घालता हातानं, टॉर्क पान्यानं. ट्विन ट्यूब शॉकअप आडवा पडून आलेला असतो, तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-सोडून मगच बसवायचा, नाहीतर आतल्या हवेमुळे सुरुवातीला टकटक येते आणि सगळे म्हणतात माल खराब निघाला.

स्प्रिंग दाबायचं काम घरी करायच्या भानगडीत पडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात काय, जीव जाऊ शकतो.

आणि सगळ्यात जास्त ठिकाणी जे चुकतं ते म्हणजे बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर टांगलेली असताना आवळणं. चाक लोंबकळत असताना आवळलं की रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं. नवे बुश वर्षभरात फाटतात आणि तोपर्यंत गाडी कडक चालते. टांगलेली असताना बोल्ट नुसते हातानं लावायचे, मग गाडी चाकांवर उभी करून किंवा आर्मखाली जॅक देऊन चाकाचं वजन घेऊन, तुम्ही मोजलेली ती चाकाच्या मध्यापासूनची उंची मूळ आकड्यावर आली की शेवटचं आवळायचं. मेकॅनिक कुरकुर करेल, करू दे.

स्पोर्टमोड

हे बुशचं मला माहीत नव्हतं, माझ्या गाडीचं पण परत करून घेतो.

जुनीचबरी

पानाआवळ, प्रिंट काढून गॅरेजवाल्याच्या हातात देतो. अलाइनमेंट लगेच करायची ना?

पानाआवळ

लगेच एकदा करा, कारण उंची बदलली की टो (चाकं किंचित आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) बदलतो आणि टायर एका बाजूनं खातो. नव्या स्प्रिंग काही मिलीमीटर बसतात, सीलही पहिले काही शे किलोमीटर जरा ताठ असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी निराश होऊ नका. थोडी चालली की परत चारही कोपरे टेपनं मोजा, डावं-उजवं सारखं असेल तर अलाइनमेंट एकदा तपासून घ्या आणि हेडलाइटची पातळी पण. मागच्या आर्मला हेडलाइटच्या लेव्हल सेन्सरची बारीक दांडी असते काही गाड्यांत, ती काम करताना हमखास मोडते, ती शाबूत आहे ना बघूनच बिल द्या.